काहीही न मागणारी जागा

माझी एक जुनी सहकारी एका सकाळी नेहमीसारखी ऑफिसच्या इमारतीत शिरली, लिफ्टमध्ये उभी राहिली आणि कितव्या मजल्याचं बटण दाबायचं ते तिला आठवेना. नऊ वर्षं ती त्याच मजल्यावर जात होती. लिफ्टचं दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली ती तासभर बसूनच राहिली. शेवटी कुणीतरी तिला घरी सोडलं. त्यानंतर सात महिने ती कामावर आली नाही.

तपासण्या सगळ्या झाल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा, ईसीजी, सगळं जागच्या जागी. पण दोन पानांचं पत्र वाचताना दुसऱ्या पानावर येईपर्यंत पहिलं पान पुसून गेलेलं असायचं. भांडं पडल्याचा आवाज अंगावर चाल करून आल्यासारखा वाटायचा. दहा तास झोपूनही ती उठायची ती दमलेलीच. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. आठ दिवस कुठेतरी निसर्गाच्या सान्निध्यात जाऊन या."

ती गेली. तिकिटं, बॅगा, गाडीची वेळ, चारजणांच्या चार आवडी, आणि आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: "आता बरं वाटतंय ना?" परत आली ती आणखी खचून. मी विचारलं, डोंगर कसा होता? ती म्हणाली, "सुंदर होता. पण मला तो आवडून दाखवावा लागत होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. ताणाने पार मोडून पडलेल्या माणसांना निसर्गाच्या मदतीने उभं करता येतं, याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बरंचसं याच वाक्यात आहे. निसर्गात फिरायला जाणं आणि निसर्गाधारित पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ज्याची त्याने आपल्या हौसेने करावी. दुसरी मात्र उपचार म्हणून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या खर्चाने मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी आजाराबद्दल. 'बर्नआउट', म्हणजे कामाच्या ताणाने पार जळून गेल्यासारखं थकणं, हा शब्द मानसशास्त्रात रुजवला अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. पुढे तो इतका सैल झाला की कंटाळा आला तरी लोक बर्नआउट म्हणू लागले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नीट व्याख्या केली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित एक घटना म्हणून. म्हणजे शब्द मिळाला, उपचाराचा हक्क नाही मिळाला. स्वीडनने याबाबतीत वेगळी वाट धरली. तिथे २००५ साली ताणजन्य थकव्याचं स्वतंत्र निदान मान्य झालं. मारी ओस्बेरी या मनोविकारतज्ज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. निदानाचे निकष स्पष्ट आहेत. ओळखता येईल असा ताण किमान सहा महिने असला पाहिजे. शरीर आणि मन गळून गेल्याची लक्षणं किमान दोन आठवडे असली पाहिजेत. त्यात मानसिक शक्ती आटणं हे मुख्य. स्मरणशक्ती आणि लक्ष ढासळणं, कुणी घाई केली तर ते सहन न होणं, झोप बिघडणं, छातीत धडधड, चक्कर, आवाजाचा त्रास ही सोबतची मंडळी.

यातला सहा महिन्यांचा आकडा मला फार बोलका वाटतो. ताण आला म्हणून माणूस मोडत नाही. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतं, हृदय जोरात चालतं, संकट सरलं की सगळं खाली बसतं. ही यंत्रणा चांगलीच आहे. माणूस मोडतो तो मधली विश्रांती नाहीशी झाल्याने, महिनोन्‌महिने काहीच खाली न बसल्याने. अर्ध्या वर्षाहून जास्त काळ ओढून तुटलेली गोष्ट आठ दिवसांच्या सहलीने सांधली जाईल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये अशा रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. निदानाला सात वर्षं उलटल्यावरही त्यांतल्या बऱ्याच जणांना थकवा आणि ताण न झेपण्याचा त्रास होता.

आपल्या भाषेत पुनर्वसन म्हटलं की डोळ्यांपुढे विस्थापित माणसं येतात. ज्यांची जमीन गेली, त्यांना दुसरीकडे वसवणं. या आजाराला हा शब्द किती चपखल बसतो, ते लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. पुन्हा वसवायचं तर आधी जागा लागते. ती जागा कशी हवी, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं मला पटलेलं उत्तर असं. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ दांपत्य रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये लक्ष देण्याच्या दोन तऱ्हा सविस्तर मांडल्या. एक तऱ्हा जाणीवपूर्वक एकाग्र होण्याची. हिशेब तपासणं, गर्दीत गाडी चालवणं, बैठकीत नको ते विचार बाजूला सारून ऐकत राहणं. हिला इंधन लागतं आणि ते संपतं. दुसरी तऱ्हा आपोआप वेधलं जाण्याची. पानावरून ओघळणारा थेंब, ढगांची सरकती सावली, मुंग्यांची रांग. इथे लक्ष ओढलं जातं, पण कोंडलं जात नाही. मनाला इकडेतिकडे रेंगाळायला जागा उरते. दुसरी चालू असते तेव्हा पहिली विसावते. टीव्हीवरचा थरारही आपोआपच वेधतो, पण तो सगळी जागा व्यापून टाकतो. झाड तसं करत नाही.

रॉजर उलरिक यांचं १९८४ मधलं काम बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असेल. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना सरासरी थोडं आधी घरी सोडलं गेलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे आणि तो थकव्यावरचा नाही, त्यामुळे त्यावर मी फार मोठी इमारत उभी करणार नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती स्वीडनमधली एक वेगळीच धारणा.

तिचं मूळ मात्र अमेरिकेत सापडतं. तिथले मनोविकारतज्ज्ञ हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९६० मध्ये मांडलं होतं की संकटात सापडलेला माणूस माणसांकडून माघार घेऊन साध्या नात्यांकडे वळतो: प्राण्यांकडे, झाडांकडे, दगडांकडे. योहान ओटोसन या स्वीडिश अभ्यासकाने हे स्वतः अनुभवलं. अपघातात मेंदूला इजा झाल्यावर आपण सावरलो ते कसं, हे त्यांनी संशोधक म्हणून लिहून ठेवलं आहे. सुरुवातीला जवळचे वाटले दगड. झाडं आणि माणसं फार पुढे. दगड बदलत नाही, वाट पाहत नाही, त्याला तुमच्या चेहऱ्यावर काही वाचायचं नसतं. पात्रिक ग्रान हे दुसरे स्वीडिश संशोधक आणि ओटोसन यांनी यातूनच एक उतरंड मांडली. माणूस जितका दुबळा झालेला, तितकी त्याला कमी मागणाऱ्या परिसराची गरज. अगदी तळाशी असलेल्याला फक्त पाणी, दगड, वारा, एकांत सोसतो. थोडं बळ आलं की तो इतरांना लांबून पाहू शकतो. मग त्यांच्या शेजारी बसून काहीतरी करू शकतो. पुढाकार घेणं ही सगळ्यात वरची पायरी.

आता आपण या माणसांना काय देतो ते पाहा. पहिल्याच आठवड्यात आपण त्यांना वरच्या पायरीवर उभं करतो. बोला, मोकळे व्हा, फॉर्म भरा, व्यायामाचं वेळापत्रक पाळा, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा. हे सल्ले वाईट नाहीत, पण प्रत्येकात एक मागणी आहे. आणि मागणी पुरी करण्याची ताकदच तर संपलेली आहे.

आल्नार्प इथल्या स्वीडिश कृषी विद्यापीठाने २००२ साली सुमारे दोन हेक्टरांची पुनर्वसन बाग सुरू केली, ती ही उतरंड डोळ्यांपुढे ठेवून. तिथे वाफे आणि हरितगृह आहेत तसेच मुद्दाम न सजवलेले, रानासारखे कोपरेही आहेत, कारण सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट झेपत नाही. माळीकाम जाणणारा, व्यवसायोपचार तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारक असे सगळे मिळून काम करतात. गट छोटे. सुरुवातीला कुणी नुसतं झाडाखाली पडून राहिलं तरी तो कार्यक्रमाचाच भाग. माझ्या मते सगळ्या योजनेचं मर्म इथेच आहे. पडून राहण्याबद्दल इथे कुणी प्रेमाने समजावत नाही, खोदून विचारत नाही, आणि तरी जाणती माणसं हाकेच्या अंतरावर असतात.

माझ्या सहकारीला अशी बाग मिळाली नाही. तिला मिळाली एका ओळखीच्या बाईंची रोपवाटिका. त्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. "ये, बस," एवढंच म्हणाल्या. तीन आठवडे ती शेडनेटखाली एका उलट्या क्रेटवर बसून राहिली. चौथ्या आठवड्यात एक दिवस आपणहून उठली आणि बाई ट्रेमधली रोपं पिशव्यांत लावत होत्या तिथे जाऊन उभी राहिली. बाईंनी तिच्या हातात एक बारीक काडी दिली आणि म्हणाल्या, "पानाला धर. देठाला नको." दोनच पानं फुटलेलं रोप असतं ते. पान दुखावलं तर नवं येतं, देठ चिमटला तर रोप गेलंच. काडीने मुळाखालची माती सैल करायची, पानाला अलगद धरून उचलायचं, पिशवीतल्या खळग्यात सोडायचं, भोवतीची माती बोटाने जेमतेम दाबायची. त्या दिवशी तिने अकरा रोपं लावली. मला फोनवर आकडा सांगितला. कित्येक महिन्यांत तिने सुरू करून पूर्ण केलेली ती पहिली गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही, थकली होती, आणि त्याबद्दल बाईंनी कधीही विचारलं नाही.

या कामात असं काय आहे? हाताला गुंतवणारं आहे, पण डोक्याला ओझं होत नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही नजरेच्या टप्प्यात असतात. चूक झाली तर एक रोप जातं, ईमेल येत नाही. आणि रोप आपल्या गतीने वाढतं, त्याला घाई करता येत नाही. ज्या माणसाला वर्षानुवर्षं सगळं कालच हवं होतं, त्याच्या अंगात ही गती मुरायला वेळ लागतो, पण मुरते.

आता पुराव्याचं बोलू. इथे निसर्गप्रेमी मंडळी हमखास वाहवत जातात आणि त्याने नुकसानच होतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला हर्सहोल्मच्या वृक्षोद्यानात नाकाडिया नावाची उपचारबाग आहे. तिथे उलरिका स्टिग्सडॉटर आणि सहकाऱ्यांनी ताणजन्य आजाराच्या ८४ रुग्णांवर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला दहा आठवडे बागेतला उपचार, दुसऱ्याला प्रस्थापित संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गट सुधारले आणि ही सुधारणा नंतरही टिकली. मुख्य मापनांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

विरोधक म्हणतील, मग बाग कशाला? बोलण्याचा उपचार आहेच की. मला नेमकं उलट वाटतं. मान्यताप्राप्त उपचाराच्या तोडीस तोड उतरणारी दुसरी वाट सापडली, तर ती खुली ठेवण्यासाठी आणखी कुठलं कारण हवं? सगळ्यांना बोलता येत नाही. काहींना शब्दच सापडत नाहीत. काहींनी आयुष्यभर शब्दांचंच काम केलेलं असतं, शिक्षक, परिचारिका, समुपदेशक, आणि त्यांना खुर्चीवर समोरासमोर बसणं म्हणजे पुन्हा कामावर गेल्यासारखं होतं. औषधाच्या दुकानात एका दुखण्यावर चार औषधं असतात, त्याबद्दल आपण तक्रार करत नाही.

या क्षेत्रातले बरेच अभ्यास लहान आहेत. आपण बागेत आहोत की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, म्हणून गोळीसारखी आंधळी चाचणी इथे शक्य नाही. नाकाडियात बागेसोबत सजगतेचे सराव आणि संवादही होते, त्यामुळे नेमकं श्रेय झाडांना किती, हे वेगळं काढणं अवघड. हे सगळं खरं आहे आणि उपचाराची मागणी करणाऱ्याने ते आपणहून सांगितलं पाहिजे. तीव्र नैराश्य असलेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला बागेच्या भरवशावर ठेवायचं नाही, त्याला तातडीची वैद्यकीय मदत हवी, हेही तितक्याच स्पष्टपणे.

पण सगळ्यात मोठं भांडण पुराव्याचं नाहीच, ते वेळेचं आहे. आल्नार्पमध्ये ८, १२ आणि २४ आठवड्यांच्या कार्यक्रमांची तुलना झाली. जास्त आठवडे मिळालेल्यांत कामावर परतणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. त्याच स्वीडनमध्ये २००८ पासून आजारपणाच्या भत्त्याला घड्याळ लावलेलं आहे. पहिले ९० दिवस, तुम्ही स्वतःचं काम करू शकता का, हे पाहतात. मग १८० दिवसांपर्यंत, त्याच मालकाकडे दुसरं काही करू शकता का. त्यानंतर साधारणपणे बाजारातल्या कुठल्याही नेहमीच्या कामाशी तुलना. म्हणजे एक खातं माणसाला म्हणतं, घाई करू नकोस, झाडाखाली पड. आणि दुसरं खातं त्याच माणसाला तारीख कळवतं. ज्या आजाराचं मुख्य लक्षणच घाई सहन न होणं आहे, त्या आजारात असं पत्र आलं की आठवडाभराची कमाई एका दुपारी जाते. हा उपचार स्वीकारू पाहणाऱ्या कुठल्याही देशाने ही चूक आधी टाळावी. बाग नंतर लावली तरी चालेल, आधी भत्त्याच्या तारखा उपचाराच्या आठवड्यांशी जुळवून घ्या.

याच्याइतकाच गंभीर आक्षेप डाव्या विचारांच्या मंडळींकडून येतो आणि त्यापुढे मी मान झुकवतो. आक्षेप असा, की माणसाला बागेत दुरुस्त करून पुन्हा त्याच घाण्याला जुंपायचं, हा कसला उपचार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना मॅसलॅक यांनी या थकव्याची मुळं कामाच्या सहा अंगांत दाखवली आहेत: कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यातलं एकही झाडाखाली पडून बदलत नाही. म्हणून बागेचा उपचार फाटकापाशी संपता कामा नये. स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. परतण्याआधी रुग्ण आणि त्याचा वरिष्ठ यांची त्रयस्थ जाणत्याच्या उपस्थितीत बैठक, आणि त्यात कामात नेमकं काय बदलणार यावर बोलणं. अशा बैठका झालेल्यांत कामावर परतण्याचं प्रमाण इतरांपेक्षा चांगलं राहिलं. ही बैठक प्रत्येक कार्यक्रमात सक्तीची असावी. आणि वरिष्ठाला यायला वेळ नसेल, तर रुग्ण अजून परतण्याजोगा झालेला नाही असं समजून भत्ता चालू राहावा. हे कडक वाटेल, पण त्याशिवाय कुणी येणार नाही.

आता पैसा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात भागांत डॉक्टरांमार्फत लोकांना निसर्गातल्या उपक्रमांकडे पाठवण्याचा प्रयोग झाला. नेदरलँड्समध्ये हजाराहून अधिक शेतं काळजीकेंद्रं म्हणून चालतात, म्हणजे शेतकऱ्याला पिकासोबत या कामाचाही मोबदला मिळतो. तेव्हा हे श्रीमंतांचं खूळ आहे असं मानायचं कारण नाही. पण व्यवस्थेने हात आखडला की ती जागा बाजार लगेच भरून काढतो. तीन दिवसांचं अरण्यस्नान, पंचतारांकित मौन, फोटोंसाठी उगवता सूर्य. ते परवडणारा माणूस बहुधा अजून मोडलेला नसतो. जो मोडलेला आहे, त्याचा पगार आधीच अर्ध्यावर आलेला असतो. माझी सहकारी सावरली ती तिच्या ओळखीत एक अबोल बाई होती म्हणून. हृदयविकार झालेल्या माणसाला आपण असं ओळखीवर सोडत नाही.

आणि निधी द्यायचा तर तो झाडाच्या वयाला शोभेल असा हवा. अशा बागा बहुतेकदा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीवर चालतात. सावलीखाली माणूस निवांत पडावा असं झाड व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. काम शिकलेला माळी, रुग्णाची चाल पाहून आज याला कुदळ द्यायची की नुसतं बसू द्यायचं हे ओळखणारा, तोही तीन वर्षांत तयार होत नाही. प्रकल्प संपला की तो निघून जातो आणि पुढच्या अर्जात सगळं पहिल्यापासून. म्हणून मागणी करायची तर माळ्याच्या कायम पदाची करावी, रुग्णालयाच्या पटावर, परिचारिकेच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या नावाशेजारी त्याचं नाव.

माझी सहकारी आता दिवसाला चार तास काम करते. दुपारी दोन वाजले की उठते, हातातलं वाक्य अर्धं असलं तरी उठते. आठवड्यातून दोनदा ती इथून थेट रोपवाटिकेत जाते. नव्या वरिष्ठांनी मागच्या महिन्यात तिला विचारलं, "मग पूर्णवेळ कधीपासून?" ती म्हणाली, "अजून माहीत नाही." तेवढं उत्तर देताना तिचा आवाज कापला नाही.